सगळ्यांचं उत्तर ‘नाही’

समुद्राच्या पोटात वसलेल्या जलपूर वसाहतीत एक चमत्कारिक गोष्ट घडत होती. रोज संध्याकाळी बोळातले दिवे मंद झाले, की घरोघरच्या टीव्हींचा आवाज एकदम वाढे. कोणी कोणाला सांगितलेलं नसे, तरी सगळीकडे गाणी आणि बातम्या एकाच वेळी कोकलू लागत. थोड्या वेळाने पुन्हा सामसूम.

आपल्या घरातला आवाज का वाढतो, ते मेदिनीला ठाऊक होतं. त्या वेळी भिंतीतून ठक... ठक... असं वाजे आणि मग कोणीतरी लांबलचक कण्हे. बाहेर तर नुसतं काळं पाणी. मेदिनी पांघरुणात शिरून रिमोट दाबत राही. बाबांना तिने कधी विचारलं नाही.

कारण आई. दर सोमवारी ‘पृच्छक’ नावाचा यंत्रमानव घरोघर येऊन मनाची प्रश्नावली (आपल्या मनाबद्दल आपणच उत्तरं द्यायचे प्रश्न) वाचून दाखवी. त्यात एक प्रश्न होता, ‘इतरांना न येणारे आवाज तुम्हाला ऐकू येतात का?’ दिवाळीच्या सुमारास आई सरळपणे ‘हो’ म्हणाली. लगेच तिला लिफ्टने वर, जमिनीवरच्या मनोरुग्णालयात नेलं. वर तिला तो आवाज येईना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. पण खाली पाठवायला ते धजत नव्हते. तेव्हापासून मेदिनी ‘नाही’ म्हणत आली होती. आपलंही डोकं फिरलंय, आपणही गेलो तर बाबा एकटे पडतील, या भीतीने तिला घास गिळवत नव्हता.

अशात विसाजी आजोबा पहिल्यांदाच खाली आले. ते मनोविकारतज्ज्ञ (मनाच्या आजारांचे डॉक्टर) होते आणि ती प्रश्नावली त्यांचीच होती. सुनेलाच वर न्यावं लागलं याची बोच त्यांना होती, पण प्रश्नावलीचा अभिमानही काही कमी नव्हता.

“दर आठवड्याला सगळ्यांची तीच उत्तरं. इतकं निरोगी गाव मी पाहिलं नाही,” ते म्हणाले.

तेवढ्यात दिवे मंद झाले. ठक... ठक... आजोबांचा चेहरा उतरला. त्यांनी मेदिनीकडे पाहिलं नाही. त्यांचा हात हळूच रिमोटकडे गेला आणि टीव्हीचा आवाज वाढला.

मेदिनी त्यांच्याकडे वळली. “आजोबा, आवाज का वाढवलात?”

आजोबांनी रिमोट खाली ठेवला. “पृच्छकाने विचारलं असतं ना गो, तर मीसुद्धा ‘नाही’च म्हणालो असतो,” ते म्हणाले.

त्यांनी पृच्छकाला वसाहतीतले सगळे टीव्ही बंद करायला लावले. बोळ एकदम गप्प झाला. आता प्रत्येक घरात तेच कण्हणं भरून राहिलं. दारं किलकिली झाली. माणसं उंबऱ्यात येऊन एकमेकांची नजर चुकवत उभी राहिली.

“हा आवाज कोणाकोणाला येतोय?” आजोबांनी विचारलं.

मेदिनीच्या डोळ्यांसमोर आईला नेणाऱ्या लिफ्टचं बंद होणारं दार आलं. तरी तिने हात वर केला. शेजारी बाबांचा हात वर गेला. मग समोरच्या मालतीकाकूंचा, मग सगळ्यांचाच.

बाबा आणि इंजिनिअर मंडळींनी त्याच रात्री भिंत उघडली. बाहेरच्या कवचाचा सांधा निसटला होता आणि संध्याकाळी दिवे मंद होऊन हवा गार झाली, की पत्रा आकसून ठकठकत नि कण्हत होता. आणखी थोडे दिवस सगळे ‘नाही’ म्हणत राहिले असते, तर समुद्र आत शिरला असता.

“म्हणजे तुमची प्रश्नावली खोटी?” मेदिनीने विचारलं.

“अडकलेल्या काट्याचा तराजू बघ,” आजोबा म्हणाले. “काहीही ठेव, तो तोच आकडा दाखवतो. दर वेळी तेच उत्तर मिळणं म्हणजे विश्वसनीयता. ती इथे होती. पण जे मोजायचं तेच मोजलं जातंय का, ती यथार्थता (मापाचा खरेपणा). ती नव्हती. मी मन मोजतोय असं समजत होतो, मोजत होतो भीती.”

“मग विचारायचंच नाही?”

“विचारायचं. माणसाच्या मनातलं त्याच्याइतकं कोणाला कळणार? पण खरं सांगितल्यावर शिक्षा नको. शेजारी बसून बोलायचं, झोप, जेवण, वागणं बघायचं, आणि ते उत्तरांशी जुळतं का ते ताडायचं. गावभर टीव्ही ओरडत होते, मी फक्त उत्तरं वाचत बसलो. आणि ज्याला खरोखरच नसलेले आवाज येतात, त्याचं काय? तोही घाबरून ‘नाही’ म्हणणार, आणि बिचारा उपचारावाचून राहणार.” त्यांचे डोळे भरून आले. “तुझ्या आईची मी माफी मागणार आहे.”

आई लिफ्टने खाली आली, तेव्हा सारा बोळ तिला घ्यायला आला होता. मेदिनी तिला घट्ट बिलगली. सोमवार होता. पृच्छक रिवाजाप्रमाणे पुढे आला.

“इतरांना न येणारे आवाज तुम्हाला ऐकू येतात का?”

आईने भिंतीकडे पाहिलं आणि मग सगळ्यांकडे. “आधी इतरांना विचारून ये,” ती म्हणाली.

पृच्छक वळला आणि जमलेल्यांतल्या पहिल्या माणसापाशी जाऊन उभा राहिला.