लिसारागाचं देवक

संयोगिताच्या रोपवाटिकेत लोक उसाची रोपं न्यायला येतात, झालंच तर पेरू, लिंबू, शेवगा. आडनावाचं झाड मागायला मात्र आजवर कुणी फिरकलं नव्हतं. त्या सकाळी तेही झालं.

दिवाळी नुकतीच सरली होती. पलूसच्या रस्त्यावर धुकं रेंगाळत होतं, शेजारच्या गुऱ्हाळातून काकवीचा वास येत होता, आणि संयोगिता कोपरापर्यंत कोकोपीटमध्ये हात घालून ट्रे भरत बसली होती. एक बुलेट येऊन थांबली. हेल्मेट निघालं, आणि उन्हानं टोमॅटोसारखा लाल झालेला एक गोरा माणूस समोर उभा राहिला.

“ताई, एक झाड पायजे.”

आता अशा तोंडून अशी भाषा ऐकल्यावर कुणाचा हात थांबणार नाही? पण संयोगिता म्हणजे लालासाहेब हवालदारांची लेक. दचकलो तरी दाखवायचं नाही, हे घरचं वळण.

“कुठलं?”

“माझ्या आडनावाचं.”

“आणि आडनाव काय म्हणायचं?”

“लिसारागा. उनाय लिसारागा. पवनचक्कीवर इंजिनिअर हाय. तीन वर्षं साताऱ्याच्या पठारावर होतो, आता इकडं. मराठी आमच्या टेक्निशियन लोकांनी शिकवली.”

“ते ऐकू येतंयच.”

तो हसला. मग तिथंच पालथ्या क्रेटवर बसून सांगू लागला. त्याचं गाव स्पेनच्या उत्तरेला, बास्क लोकांच्या डोंगरात. “आमच्याकडं आधी जागेला नाव पडतं, मग त्या जागेवरच्या घराला, आन् शेवटी घरातल्या माणसाला. लिसार म्हणजे एक झाड. आगा म्हणजे ते जिथं असतं ती जागा. लिसारची झाडं हायत ती जागा… तो मी.”

“म्हणजे तुमी माणूस न्हाईच. जागा हाय.”

“व्हय,” तो तिच्याकडं बघत म्हणाला. “सध्या रिकामी.”

संयोगितानं मान खाली घालून ट्रे भरायला घेतला. कान का तापले, हे तिचं तिलाच कळेना.

“लय हायत का तुमच्यासारखे?”

“गावाकडं लय. काहीजण जहाजात बसून मेक्सिकोला गेले, तर तिथं आमच्यापेक्षा जास्त झाले. या जिल्ह्यात मात्र मी एकटाच.”

तिनं मोबाइलवर झाड शोधलं, फोटो निरखला आणि मान हलवली. “हे थंडीतलं झाड. इथलं ऊन सोसायचं न्हाई त्याला. मरंल.”

“मी मेलो न्हाई अजून.”

“इथला मे महिना लांब हाय… आन् मला ताई म्हणू नका.”

“पण टेक्निशियन म्हणाले, बाईला ताई म्हणायचं.”

“त्यांनी म्हणावं.”

त्या दिवशी तो पेरूचं रोप घेऊन गेला. पुढच्या रविवारी लिंबाचं. मग सीताफळ, मग कढीपत्ता. त्याच्या भाड्याच्या घराला अंगणच नाही, हे तिला पाचव्या रोपाला कळलं.

“मग रोपं ठेवता कुठं?”

“जिन्यात. घरमालक रोज शिव्या देतो.”

“मग येता कशाला न्यायला?”

तो नुसता तिच्याकडं बघत राहिला… आणि रविवार उजाडला की आपण धुतलेला ड्रेस का शोधतो, याचा संयोगिताला त्या क्षणी उलगडा झाला. ती प्रेमात पडली होती. चांगली आपटून पडली होती.

जानेवारीत ती बियाणं आणायला सांगलीला गेली, तर हा कृष्णेच्या घाटावर भडंगाचा पुडा घेऊन हजर. नदीवरून गार वारा येत होता. पुडा दोघांच्या मध्ये होता आणि दोघांची बोटं एकदमच त्यात गेली. कुणीच लवकर काढली नाहीत.

“कंपनी मार्चमध्ये परत बोलावतेय,” तो म्हणाला. “इथं राहायला अर्ज करू… की नको?”

“अर्ज कंपनीकडं करा. माझ्याशी सरळ बोला.”

“सरळ…” त्यानं मोठा श्वास घेतला. “तू मला लय आवडतेस. लगीन करशील?”

संयोगिताला एकदम रडू येईल असं वाटलं, इतका आनंद झाला. पण आवाज तिनं पक्का ठेवला. “करीन. पण पळून जाऊन न्हाई. मांडवात, माझ्या माणसांसमोर.”

लालासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “पोरगं कष्टाचं दिसतंय. पण आक्का म्हणंल तसं.” आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, रंगूबाई. संयोगिताची आई गेल्यावर हिला वाढवली ती याच आत्यानं. आख्ख्या भावकीत तिच्या होकाराशिवाय सुपारी फुटत नसे.

रंगूबाई पान लावता लावता म्हणाली, “रंग-देश मी इचारत न्हाई. आपली पोरं पलटणीत कुठं कुठं जाऊन आली. पर त्याचं देवक कुठलं?”

देवक म्हणजे कुळाचं झाड. लग्नाआधी दोन्ही घरांनी आपापल्या देवकाची डहाळी आणून मांडवात बसवायची आणि तिच्या साक्षीनं लग्न लावायचं, अशी या घरची रीत.

“ज्याला देवक न्हाई, त्याच्या बाजूनं मांडवात कोण उभं ऱ्हाणार?” रंगूबाई म्हणाली. “तसलं लगीन मी हुऊ देणार न्हाई.”

दुसरी असती तर उशीत तोंड खुपसून बसली असती. संयोगिता उठून उभी राहिली. “त्यांचं आडनावच झाडाचं हाय, आत्या. देवक असणार. रविवारपतोर थांब, दावते.”

रविवारी दुपारी उनाय सोप्यात सतरंजीवर मांडी घालून बसला. मांडी काही जमेना. मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यात त्याची आजी दिसत होती, डोंगरातल्या दगडी घराच्या दारात. दारावर वाळलेली एक डहाळी टांगलेली होती.

“लिसार,” उनाय म्हणाला. “जूनमध्ये सणाला बांधतात. वीज पडू नये, वाईट काही घरात येऊ नये म्हणून.”

रंगूबाई पुढं सरकली. डहाळी तिनं डोळे बारीक करून पाहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ झालं. संयोगिताचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच आत्यानं विचारलं, “ह्या झाडाचं लाकूड चुलीत घालता का? देवक कुणी जाळत न्हाई. इचार तिला.”

संयोगितानं डोळ्यांनी खुणावलं—नाही म्हण. आजीला मराठी येत नव्हती, आत्याला बास्क. एक ‘न्हाई’ म्हटलं असतं तर काम झालं असतं.

उनायनं आजीला विचारलं. आजीनं लांबलचक उत्तर दिलं. त्यानं एकदा संयोगिताकडं पाहिलं.

“जाळतो म्हणते. डोंगरात थंडी लय असती, आन् लिसारचं लाकूड चांगलं जळतं.”

रंगूबाईनं पानाची चंची मिटून बाजूला ठेवली. लालासाहेब छताकडं बघू लागले.

“आत्या,” संयोगिता म्हणाली. “मी लगीन ह्यांच्याशीच करणार. मांडवात तू नसलीस तर मला लय वाईट वाटंल, जल्मभर वाटंल. तरी करणार. खोटं बोलायची सोय असून ते बोलले न्हाईत, एवढं तर बघितलंस न्हवं?”

“बघितलं. तू डोळं मोडत हुतीस, तेबी बघितलं.”

संयोगिता लालबुंद झाली. रंगूबाईनं उनायकडं नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“त्या आजीला म्हणावं, पोटासाठी आन् थंडीसाठी जाळल्यालं देव मोजत न्हाई. पर डहाळी कुठनं आणायची? तुझं झाड तर हितं जगत न्हाई म्हणं.”

“झाडांचीबी भावकी असती, आत्या,” संयोगिता घाईघाईनं म्हणाली. “लिसार, जाई-जुई, पारिजातक—सगळी एकाच कुळातली. कॉलेजात शिकलोय आमी. पारिजातकाची आणली तर?”

“भावकीतलं चालतंय.”

उनाय उठायला गेला आणि झोपलेल्या पायामुळं पुन्हा सतरंजीवर बसला. लालासाहेबांनी खाकरून हसू लपवलं. मग त्यांनाच आठवलं, “आक्का, पर देवक आणायला पोराची माणसं लागतात. ह्याची कोण हायत हितं?”

रंगूबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि उनायच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“मी हाय की. वाजतगाजत आणीन. मी पोराकडची.”

“आत्या,” संयोगिताचे डोळे भरून आले, “आन् मग माझ्याकडनं कोण?”

“तुला कोण लागतंय गं,” रंगूबाई म्हणाली. “तू एकटी पुरी हायस.”