कपाटावरचा कॅमेरा

रविवारी दुपारी मुलगी बाबांकडे आली ती भांडायच्या तयारीनेच. बाबांनी कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करून टाकलं होतं. आईने सहा वर्षांत घेतलेले सगळे व्हिडिओ त्यावर होते, आणि आईला जाऊन जेमतेम आठ महिने झाले होते.

"त्याने काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं," बाबा म्हणाले.

"यंत्राने विचारलं की लगेच हो. मी काही विचारलं की मात्र नाही!"

कॅमेऱ्याची बॅटरी बाबांनी कधीच काढून टेबलावर ठेवली होती, शिक्षा केल्यासारखी. कॅमेरा टेबलामागच्या कपाटावर पडला होता.

बाहेर काढलेल्या कार्डाच्या कडेची बारीकशी खिट्टी तिने लॉकच्या बाजूला सरकवली. "आता यावर नवीन काही उतरणार नाही. फॉरमॅट केलं तरी जुनं आत असतं बाबा, फक्त यादी जाते. पण त्यावर नवीन काही घेतलं, तर तेवढं जुनं कायमचं गेलं. काही घेतलं नाहीत ना?"

"हातसुद्धा लावला नाही गं बाई."

कार्ड लॅपटॉपला लावून, पुसलेलं शोधून देणारं सॉफ्टवेअर सुरू करून दोघं जेवणाच्या टेबलाशी एकाच बाजूला बसली. मधे आईची खुर्ची तशीच रिकामी. एकेक व्हिडिओ सापडू लागला. प्रत्येकाची सुरुवात सारखीच. आई आधी भिंगावर फुंकर मारायची, फू... मग म्हणायची, "हलू नका हं." गच्चीत कपडे वाळत घालणारे बाबा. निकालाच्या दिवशी तोंड फुगवून बसलेली मुलगी. आई कुठेच नाही, कारण ती कायम कॅमेऱ्यामागे. एका व्हिडिओत तेवढी होती, आरशात, अर्धा चेहरा कॅमेऱ्याआड, हसणारी. मुलीला तोच हवा होता. यादीत तो अगदी तळाशी सापडला.

"एकसष्ट सापडले!" मुलगी ओरडली. बाबांनी चष्मा पुसला.

तेवढ्यात यादीच्या डोक्यावर एक नवा व्हिडिओ आला. तारीख आजची. त्याखालचा एक जुना गेला.

"बाबा, खरं सांगा..."

बाबांनी बॅटरीकडे बोट दाखवलं. टेबलावरच होती. खिट्टीही लॉकवरच.

तिने व्हिडिओ उघडला. फू... हीच खोली, हेच ऊन. टेबलाशी बसलेल्या दोन पाठी, तिचे मोकळे केस, बाबांचा कोपराला विरलेला स्वेटर. "हलू नका हं."

आईचाच आवाज.

मग दुसरा नवा आला, तिसरा आला. जुने भराभर गळू लागले. तिने कार्ड ओढायला हात घातला, तर बाबांनी मनगट धरलं.

"राहू दे... किती दिवसांनी घेतेय ती."

"अहो, आरशातला जाईल! तिचा चेहरा जाईल बाबा!"

"चेहरा पाठ आहे मला." बाबांनी पकड सोडली नाही. "आवाजच रोज थोडा थोडा विसरतोय गं..."

मोठ्यांचं कधीही मुकाट न ऐकणाऱ्या मुलीने हात मागे घेतला. बाबांनी कॉलर नीट केली, पाठ ताठ केली. ती त्यांच्याकडे बघून हसली, रडताही आलं नाही म्हणून. शेवटी आरशातला व्हिडिओही गेला, आणि त्याच्या जागी एक आला.

फू... भिंगावरची वाफ हळूहळू विरली.

टेबलाशी या खेपेला तिघं होती. मधल्या खुर्चीत आई, मान वळवून कॅमेऱ्याकडे बघणारी. पहिल्यांदाच अख्खा चेहरा. ती हसत नव्हती. तिने दोघांची मनगटं घट्ट धरली होती, आणि कॅमेऱ्यामागे जे कोणी होतं त्याच्यावरून नजर न हटवता ती ओठातल्या ओठात म्हणाली,

"हलू नका..."

बाबांचा हात मुलीच्या मनगटावरून केव्हाच निघाला होता. मनगट अजून कोणीतरी धरलेलंच होतं.

मागे, कपाटापाशी, कोणीतरी फुंकर मारली.