निकाल लागेपर्यंत

बस. विस्तवाजवळ सरक. धुकं उठेपर्यंत नावाडी होडी काही सोडायचा नाही.

त्या सकाळीही असंच धुकं होतं. रस काढायचे दिवस होते, म्हणून मी गळालेली नाशपाती टोपलीत वेचत होते. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. नदीकाठचं एक शेत, एवढंच त्याने मागे ठेवलेलं. त्याच शेतातून बैलांच्या घंटा ऐकू आल्या. माझे बैल तर गोठ्यात होते.

जाऊन बघते, तर धाकटा दीर तुर्स्तँ नांगर धरून उभा. हद्दीचा दगड उपटून बाजूला टाकलेला.

"भावजी, हे काय?"

"राजा गेला, वहिनी. शहरातून खबर आलीय. डोळे मिटले न मिटले तोच चाकरांनी अंगावरचे कपडेसुद्धा ओढून नेले म्हणे. राजाची ही गत, तर तुझ्या शेताचं कोण बघतंय? चल रे आन्स्गो, हाक बैल!"

आम्हां नॉर्मन लोकांत एक रीत आहे. अन्याय झाला की गुडघे टेकायचे आणि 'हारो' म्हणत राजाला हाक मारायची. हाक कानी पडली की हात जागच्या जागी थांबतो, राजाचा निकाल लागेपर्यंत. मी चिखलात गुडघे टेकले.

"हारो! हारो! हारो! राजा, धाव... माझ्यावर अन्याय होतोय!"

तुर्स्तँ पोट धरून हसला. "मेलेल्याला हाका मारतेय! जरा मोठ्याने मार, कानात माती गेली असेल त्याच्या."

"मालक," गडी आन्स्गो पुटपुटला, "हाक घातलीय तिने. थांबू या."

"तू गप रे!"

पण बैल थांबले होते. चाबूक बसला तरी हलेनात. मग नदीवरून वल्ह्यांचा आवाज आला... संथ, खोल. मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास पसरला. धुक्यातून एक धिप्पाड माणूस अनवाणी चालत आला. अंगात नुसता सदरा. मला भीती वाटली नाही. झोपेत वाटत नाही, तसं.

"कोणी... बोलावलं?"

"मी, महाराज."

त्याने शेताकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाला, "थंडी आहे..."

मी अंगावरचा नवऱ्याचा झगा काढून दिला. खांद्यावर उसवलेला होता, लाज वाटली. त्याने तो नीट लपेटून घेतला.

"आधी लोक मला पुरतील. मग येईन, निकाल देईन. तोवर दोघांनीही... हजर राहायचं."

वल्ह्यांचा आवाज दूर गेला.

तुर्स्तँने त्यानंतर नांगराला हात लावला नाही. मीही नाही, रीत दोघांना सारखीच. फाळाला चिकटलेलं ढेकूळ अजून ओलं आहे, जाताना बघ हवं तर. आन्स्गो म्हातारा होऊन गेला. त्याच्या नातवाच्या नातीला परवाच पुरलं. माझे केस मात्र तेव्हा जेवढे पिकले होते, तेवढेच आहेत.

पलीकडच्या खोपटात तुर्स्तँ असतो. कधीकधी बांधावर येऊन बसतो.

"वहिनी, हाक मागे घे ना... फार कंटाळा आला गं."

"आणि शेत?"

"घे तुझं शेत! मला निजू दे."

"मागे तरी कोणासमोर घेऊ, भावजी? ऐकणारा तर हजर राहा सांगून गेलाय."

आज पहाटे पुन्हा वल्ही वाजली. मी बाहेर गेले. हद्दीचा दगड आपल्या जागी उभा होता, आणि त्यावर नवऱ्याचा झगा घडी घालून ठेवलेला. खांद्याची उसवण सोनेरी दोऱ्याने शिवली होती. मी आत हात घातला. ऊब होती.

निकाल लागला, म्हणून मी तुर्स्तँला हाक मारली. त्याच्या खोपटातून अजून उत्तर आलेलं नाही.

तू बस. धुकं उठलं की दोघं मिळून बघायला जाऊ... मी असले तर.