हौद्याचं विरजण

बसा असं पायरीवर. ती पाटी ठेवा बाजूला. भरायची घाई नका करू.

आधी एक गोष्ट ऐका. खरी हाय. म्या सातवी नापास माणूस, बनवून सांगायची अक्कल आपल्याला न्हाय. आन बनवायचीच असती तर एवढी घाण गोष्ट कशाला बनवली असती?

मागच्या साली, दिवाळीनंतरचा पहिला रविवार. लोहाऱ्याच्या रोडचं हेच स्टेडियम. दुपारचे तीन. डोक्यावर ऊन रणरणतंय.

असलं काय बी रातीचंच होतं, असं ज्यानं तुमाला सांगितलं त्याला माझ्याकडं धाडा.

हे बघताय न्हवं? तीन अंगानं पायऱ्या, पाच हजार माणूस बसतंय. तिकडं मॅटचा हॉल. पैलवानाला न्हायला गरम पाणी. कुस्तीच्या लीगवाल्यांनी बांधलं. त्यांना सगळीकडं मॅटच पायजे होती. पण मधी हौदा मातीचाच ठेवा म्हणून आमची गावं अडून बसली.

चाळीस बाय चाळीस फूट. कमरेएवढा खोल.

ती माती म्या केली. ह्या शंभुलिंगनं.

साठ ट्रॅक्टर लाल माती. सगळी चाळून घेतली. काव, हळद, गोडंतेल, ताक, लिंबू, कापूर घालून पंधरा दिवस पायानं मळली.

आन शेवटी विरजण.

दुधाला चमचाभर दही लावतो न्हवं, तसं. नव्या हौद्याला जुन्या तालमीची पाटीभर माती घालायची. आमच्याकडं रीत हाय. त्याबिगर माती जागी होत न्हाय, असं आमचे रेवणसिद्ध वस्ताद म्हणायचे.

म्या त्यांच्याच तालमीतला. सास्तूरच्या अंगाला, जुन्या गावठाणात होती. आमी सात पोरं तिथंच निजायचो. कुणी दांडी मारली की वस्ताद सोता त्याच्या घरी जायचे. ओरडायचे न्हाईत. खाली वाकायचे, घोट्याच्या वर धरायचे, आन फरफटत तालमीत आणायचे.

त्र्याण्णवचा भूकंप झाला, त्या राती म्या तालमीत न्हवतो. गणपती बुडवायला गेलो आन तिकडंच पिऊन पडलो.

बाकी सगळे आत होते.

सहा पोरं. आन वस्ताद.

अंगावर भिंती, वरनं पाऊस. चौथ्या दिवशी काढलं. तवर माती आन माणसं... जाऊ द्या. माती सगळं पिऊन बसली होती.

तीच माती म्या विरजणाला आणली.

का? वस्तादांची तालीम ह्या मोठ्या स्टेडियमात जित्ती ऱ्हावी म्हणून. मन साफ होतं माझं. वस्तादांची बायको नागम्मा, तिला आमी अव्वा म्हणायचो. इचारायला गेलो तर भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"शंभू, ती माती न्हाय रं," म्हणली. "तिच्यात हात घालू नको."

म्या म्हणलं, म्हातारी झाली अव्वा. गेलो आन पाटी भरून आणली.

तिसऱ्या दिवशी वास सुटला...

आंबलेल्या ताकाचा म्हणावा, तर त्यात घाम. ओल्या लंगोटाचा वास. आन त्याच्या खाली गोड. कपाटामागं उंदीर मेल्यावर येतो तसला.

कापूर दुप्पट केला. ऊन लागू दिलं. माती वाळंना. वरनं कोरडी दिसायची, हात घातला की ओली...

आन कोमट. म्हशीच्या तोंडात हात घातल्यावानी.

मग केस निघाय लागले. म्या सोता चाळलेली माती, खडा सुदिक न्हवता तिच्यात. बारीक केस, पैलवान ठेवत्यात तसले. मग नखं. एक दिवस उकरताना दाढ घावली. खिशात घातली. घरी जेवाय बसलो तर भाकरीला त्योच वास. अंगणात जाऊन ओकलो.

तवाच सांगायला पायजे होतं. न्हाय सांगितलं.

उद्घाटनाची पहिली कुस्ती माझ्या पुतणीची होती. शिवांजली. थोरला भाऊ गेला, तवापास्नं म्याच वाढवली. लीगची माणसं तिला बघायला येणार होती. ही कुस्ती मारली की टीममधी घेणार. हौदा बंद करा म्हणलं असतं तर पोरीची वाट म्याच बंद केली असती.

आदल्या दिवशी ती नाक धरून म्हणली, "काका, माती घाण मारतीय."

"ताक जरा जास्ती झालंय," म्या म्हणलं.

रविवारी पायऱ्या गच्च भरल्या. हलगी कडकडत होती. समोर कळंबची भैरवी, अंगानं हिच्या दीडपट. शिवांजलीनं माती उचलून कपाळाला लावली. सलामी झाली. चौथ्या मिनटाला हिनं पट काढला आन भैरवी चीत.

शिट्ट्या, फेटे, नुसता दंगा.

भैरवी उठली.

शिवांजली उठंना.

पालथी पडलेली. लोकांना वाटलं, पोरीनं मातीला डोकं टेकलंय. पण म्या काठावर होतो. मला दिसलं... ती मागं सरकत होती. हळूहळू. पायाकडनं कुणी ओढावं तशी.

माती तिच्या घोट्याच्या वर आली होती.

हलगी थांबली. पंचानं आन दोघांनी तिचे हात धरून ओढलं. हलंना. तिचं तोंड मातीत. घसा वरखाली होत होता.

पोरगी माती गिळत होती.

म्या चपला सोडल्या, खाली उडी टाकली. तिच्या पायाशी खोल हात घातला. घोटा सापडला...

तिथं आधीच एक हात होता.

कोमट. बुळबुळीत. म्या पकडला तर त्याचं कातडं सरकलं, दुधावरची साय सरकती तसं. पण आतली पकड सुटली न्हाय. घोट्याच्या वर. पाच बोटं. ती पकड म्या वळखतो.

मग डोक्यात उजेड पडला. दांडी हिनं न्हवती मारली.

म्या तिथंच आडवा झालो. त्या घाणीला तोंड लावलं आन म्हणलं, "वस्ताद, ही न्हाय. म्या हाय. आलो बघा. हजर हाय."

हात सुटला.

शिवांजली ओकली. ओंजळ, दोन ओंजळी, लाल चिखल. त्यात केस. दवाखान्यात ऊन लागलं म्हणले.

टीमनं तिला घेतलं. लांब खेळती आता, मॅटवर. बरी हाय. ह्या हौद्यात तिला म्या परत पाय ठिवू दिला न्हाय.

म्या मातूर रोज येतो. उजाडलं की हौद्यात उतरायचं, बैठका मारायच्या, मातीला तोंड लावून हजेरी द्यायची. वास आता मला येत न्हाय. बायको म्हणती, तो माझ्याच अंगाला येतो. ताट लांबनं सरकवती.

एकदाच चुकलो. ताप होता. सकाळी डोळं उघडलं तर म्या अंथरुणात न्हवतो. अंगणात होतो, उघड्या पाठीवर. पाय इकडं, स्टेडियमच्या दिशेला.

घोट्यावर हे बघा. अजून गेलं न्हाय.

माती काढून टाका म्हणून म्या स्टेडियमच्या साहेबाला सांगितलं. तो हसला. म्हणला, असली माती कुठं घावती का? पैलवानाला लागत न्हाय, धरून ठिवती. लांबलांबची माणसं विरजणाला मागत्यात.

खरंच मागत्यात. अकरा तालमींनी नेली आजवर. त्या गावांत काय चाललंय, इचारायची माझी छाती न्हाय.

तुमच्या गावात नवी तालीम होतीय, पोरं खेळणार हायत, सगळं कळलं मला.

पाया पडतो तुमच्या. ती पाटी रिकामीच परत न्या.

आन जाताना पायाचं तळवं झटकून जा.