तीन ॲपची चाचणी

बावीस वर्षं मी लिफ्ट तपासतो. लिफ्ट अडकली की लोक नशिबाला बोल लावतात. मी एक भाग बदलतो आणि पुन्हा चालवून बघतो. तरीही अडली, तर दुसरा बदलतो. त्यामुळे डॉक्टर बायकोबद्दल म्हणाले, "हळूहळू विसरत जातील, सांगतायत तेवढं लिहून ठेवा," तेव्हा रडत बसण्याऐवजी मी नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर शोधायला लागलो. तिचं जेवढं वाचवता येईल तेवढं मला वाचवायचं होतं.

दुसऱ्या शहरात राहणाऱ्या आमच्या मुलीने फोनवर तीन ॲप सुचवली. "बाबा, कुठलंही एक घ्या आणि सुरू करा. तुम्ही निवडत बसाल आणि तिकडे आई..." पुढे तिला बोलवेना. पण मला घाई जमत नाही. शोधलेलं पटकन सापडतं का, नेट गेलं तर नोंद राहते का, एक नोंद दुसरीला जोडता येते का, सगळं कागदावर मांडलं. मग यादीतलं पहिलं घेतलं.

सकाळी चहा झाला की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती सांगायची, मी टाइप करायचो. तिच्याच शब्दांत. मग वाचून दाखवायचो, आणि तिने मान डोलावल्याशिवाय नोंद पक्की करायची नाही, असा आमचा नियम होता. पहिल्या दिवशी तिने शाळेतल्या बाईंची नक्कल केली. बाईंच्या चष्म्याला एकच काडी होती म्हणे. हसून हसून माझी पुरेवाट झाली.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "बाईंचं अजून सांग ना काहीतरी."

"कोणत्या बाई?"

मी नोंद वाचून दाखवली. तिने कौतुकाने ऐकली. "भारीच की! कुणाच्या हो या बाई?"

आठवड्यात सात नोंदी झाल्या आणि त्या सातही गोष्टी तिच्याकडून गेल्या. न सांगितलेल्या जागच्या जागी होत्या. वरच्या मजल्यावरच्या बाईशी झालेलं भांडण तर शब्दन्‌शब्द पाठ होतं. डॉक्टर म्हणाले, आजार असाच असतो. असेलही. पण तो नेमकं टाइप केलेलंच कसं उचलतो, असं विचारल्यावर ते घड्याळाकडे बघायला लागले.

मी भाग बदलला. दुसरं ॲप घेतलं. आणि इथे माझ्या हातून जे झालं, त्याला माफी नाही. चाचणीसाठी मला पक्की आठवण हवी होती, कशानेही न हलणारी. मी तिला मुलीच्या जन्माबद्दल विचारलं. ती तासभर बोलली. दवाखान्याची हिरवी भिंत, नर्सचे गार हात, बाळाच्या कानामागची तांबडी खूण. मी वाचून दाखवलं. तिने डोळे पुसले आणि मान डोलावली. मी बटण दाबलं.

रविवारी मुलीचा फोन आला. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाही हो, आम्हाला मूल नाही. राँग नंबर लागलाय तुमचा."

मी फोन घेतला तेव्हा पलीकडे नुसते हुंदके होते. "बाबा, आई असं कसं म्हणाली?"

मी खरं सांगितलं नाही. हिंमतच झाली नाही.

ती नोंद पुसून टाकली. बायकोला काही परत आठवलं नाही. उलट, जे निदान फोनमध्ये होतं ते आता कुठेच उरलं नाही. तांबडी खूण उजव्या कानामागे होती की डाव्या, मलाही सांगता येईना.

तिसऱ्या ॲपमध्ये एकच नोंद केली, अगदी क्षुल्लक. खिडकीतली कुंडी तिने कुठून आणली, एवढंच. संध्याकाळी ती कुंडीपुढे उभी राहून विचारत होती, "हे कुणी आणून ठेवलं इथे?"

म्हणजे दोष ॲपचा नव्हता. बदलायला आता भागच उरला नव्हता.

मी हात टेकले. लिहिणं बंद केलं. तिने काही सांगायला तोंड उघडलं की मी रेडिओ मोठा करायचो.

"अहो, ऐका तरी," ती म्हणायची.

मी ऐकत नव्हतो.

आठ दिवस असे गेले.

नवव्या दिवशी सकाळी मी फोन उघडला. तिसऱ्या ॲपमध्ये नवी नोंद होती. मी केलेली नव्हती. बायकोला फोनचं कुलूप उघडता येत नाही.

ती समोर चहा पीत बसली होती. मी मोठ्याने वाचू लागलो.

कुणा तरुणाने लिहिलेलं होतं. लग्नाच्या दिवशी त्याचे नवे बूट चावत होते. त्याने ते काढले. तर नवरीनेही चपला भिरकावल्या आणि म्हणाली, आता कसे शोभतो! मग दोघांनी तसेच फोटो काढून घेतले.

छान लिहिलं होतं. त्यातली मुलगी फार हसते.

"कुणाचं हो हे?" बायकोने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिच्या डोक्यामागे भिंतीवर एक चौकट होती. आत नवरा-नवरी, दोघंही अनवाणी. तो फोटो आमच्या घरात कुणी लावला, ते मला आठवेना.