आषाढातली होडी

त्या दिवशी गुणाचा कोयता हलवा माशाच्या मानेवर होता आणि एक मुलगा पाटासमोर उभा राहून तिच्या हाताचं चित्र काढत होता. मासळी घ्यायचं नाव नाही.

"काय रे, हात विकत घेणार काय?" मी विचारलं.

"नाही मावशी… नुसतं बघतोय."

"बघायला राणीची बाग आहे."

गुणवंती, माझी धाकटी लेक, खाली मान घालून हसली. गिऱ्हाइकाला हसणारी पोर नाही ती. मी मनात म्हटलं, झालं.

परळला बंद गिरणीच्या गेटाशी आमचा पाट. संपाआधी या पोराचा आजा पाळी सुटली की माझ्या सासूकडून बांगडे न्यायचा. आता आत काचेची ऑफिसं, आणि नातू दिगंबर तिथे मोबाईलवरचे गेम बनवतो. नव्या गेमात होडी हाकणारी कोळीण आहे. तिच्या जाहिरातीसाठी जपानी धर्तीची तीन मिनिटांची कार्टून फिल्म करायची, अॅनिमे म्हणतात तिला. गेम त्याने पाच केलेले, फिल्म पहिलीच. ती झाली की त्याची बदली बंगळूरला, दोन वर्षं.

मग तो रोज येऊ लागला. कधी पदर कसा खोचतात, कधी टोपली कशी उचलतात. पाय एका जागी ठरेना त्याचा.

"डोळे केवढे काढलेस," गुणा म्हणायची. "पापलेट बसेल त्यात."

"अॅनिमेत तसेच असतात."

"माझे बघ की."

"बघतोय… म्हणून तर काम पुढे सरकत नाही."

मी सुरमईवर पाणी मारायचे, अंमळ जोरातच. तो यायला उशीर झाला की गुणा उठायची, बसायची, गेटाकडे बघायची, बर्फ उगाच फोडायची. मला काय डोळे नाहीत? पण आपण होऊन विचारीन ती मी नव्हे.

शेवटी फिल्म झाली. त्याने मोबाईल पुढे धरला. धो धो पाऊस, आणि कोळीण होडी घेऊन निघाली थेट दर्यात. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गुणा म्हणाली, "हा कुठला महिना?"

"आषाढ. पाऊस छान दिसतो ना?"

"आषाढात होडी काठावर ओढलेली असते. नारळी पुनवेला नारळ सोडल्याशिवाय आमचं कोण जातं दर्यात?"

पोराचं तोंड उतरलं. फिल्मची दोन मिनिटं नुसता दर्याच होता. सगळं परत काढायला महिना तरी.

तो गेल्यावर मी विचारलं, "ती होडी तुला आज दिसली?"

गुणा बर्फ फोडायला लागली.

चार दिवस तो फिरकला नाही. गुणाला जेवण जाईना. पाचव्या दिवशी आला तेव्हा आमचं नेहमीचं गिऱ्हाईक, रमाबाई, रावस घेत होत्या. त्यांच्यासमोरच म्हणाला, "जुनी चित्रं काढून बघितली. होडी पहिल्या आठवड्यातच दाखवली होती तुला… पावसासकट."

"हो."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

गुणा रावसाचे खवले काढत राहिली. "तेव्हा बोलले असते, तर फिल्म आत्ताच संपून तू बंगळूरला गेला असतास."

रस्त्यावर बस हॉर्न देत होती, तरी मला स्वच्छ ऐकू आलं.

"ऑफिसात म्हणाले, राहू दे, कोणाला कळतंय," तो हळूच म्हणाला. "मीच म्हटलं, नाही… पहिल्यापासून करतो."

"का?"

"तू ज्यासाठी गप्प बसलीस, त्यासाठीच. आणि बंगळूरला नाही जात म्हणून आज लिहून दिलं. आता ठेवतील का काढतील… माहीत नाही."

"अगं, माशाला कातडं तरी ठेव," रमाबाई म्हणाल्या.

मी गुणाच्या हातातून रावस काढून घेतला.

"हात धू," म्हटलं. "आणि चहा पिऊन या दोघं. मला इथं गिऱ्हाईक आहे."