तळ्यातून आलेलं गिऱ्हाईक

दुकानाचं शटर मी अर्धंच वर केलं होतं, तेवढ्यात खालच्या मोकळ्या जागेतून मला दोन पाय दिसले. ओले. अनवाणी. एका पोटरीला शेवाळ चिकटलेलं.

"दुकान उघडायला वेळ आहे," मी म्हणाले.

"असू दे," पायांकडून उत्तर आलं. "फक्त एक फोन करायचा होता. आणि जमलं तर... एखादं मोठं फडकं मिळेल का?"

मी शटर वर ढकललं. बाहेर एक उंच, शिडशिडीत माणूस उभा होता. अंगात पोहण्याचे काळे घट्ट कपडे, कपाळावर ताजं टेंगूळ, आणि चेहरा मात्र इतका सभ्य, की जणू सूटबूट घालून आलाय!

आमचं चष्म्याचं दुकान तळ्याकाठच्या रस्त्यावर आहे. बाबांनी सुरू केलेलं. आता मी डोळे तपासते आणि आत्या फ्रेमा विकते. गिऱ्हाईक पायी येतं, गाडीवरून येतं. तळ्यातून आलेलं हे पहिलंच.

"तुम्ही सरळ पाण्यातून आलात?" मी विचारलं.

"सरळ आलो असतो तर समोरच्या काठाला लागलो असतो. तिथे माझे कपडे आहेत, सायकल आहे, फोन आहे." त्याने टेंगूळ चाचपलं. "मला दिशेसाठी पाण्यावर बांधलेल्या नारिंगी फुग्याकडे बघत पोहायचं होतं. अगदी जवळ गेल्यावर कळलं, तो फुगा नव्हता. नारिंगी टोपी घालून एक काका होडीत गळ टाकून बसले होते. मी होडीवरच आपटलो."

"काका काय म्हणाले?"

"ते बायामाणसांत सांगण्यासारखं नाही."

मला हसू आवरेना. टेबलावरचं पेन उचलत मी विचारलं, "तुमचा नंबर काय?"

तो एकदम ताठ उभा राहिला. कानातलं पाणी झटकलं. "फोनचा?"

"चष्म्याचा!"

"अरेरे," तो म्हणाला. आणि त्या 'अरेरे'त असं काहीतरी होतं, की मी उगीचच टॉवेल शोधायला आत गेले.

आत्या म्हणते, लहानपणी माझ्या तोंडातून पहिला शब्द 'आई' नाही, 'का' आला. मला विचारल्याशिवाय राहवतच नाही. त्याला खुर्चीत बसवून, एकेक भिंग डोळ्यापुढे धरत, मी त्याची सगळी माहिती काढून घेतली. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालू करतो आणि स्वतः जिन्याने चढतो." आणि येत्या थंडीत त्याला एक मोठी ट्रायथलॉन करायची होती. आधी तळ्यात लांबच लांब पोहायचं, मग बाहेर येऊन दिवस उतरेपर्यंत सायकल चालवायची, आणि एवढं झाल्यावर... पूर्ण मॅरेथॉन पळायची. एकाच दिवसात!

"बक्षीस काय?"

"एक पदक. पूर्ण करणाऱ्या सगळ्यांना तेच."

"मग का करता?"

"आता नीट दिसतंय," तो खालची ओळ वाचत म्हणाला. "प, ट, झ..."

"मी काहीतरी विचारलं."

"माझ्या वहिनीला म्हटलं, घरातल्या कामांपेक्षा हे सोपं आहे."

हे काही उत्तर नव्हतं. मी त्याच्यासाठी नंबरचा पोहण्याचा चष्मा मागवला. तो घ्यायला आला तेव्हा मी पुन्हा विचारलं. या वेळी म्हणाला, "जेवण जास्त जातं म्हणून." मग चष्मा सैल होतो म्हणून आला, घट्ट होतो म्हणून आला, काचेवर वाफ धरते म्हणून आला. दरवेळी मी 'का' विचारायचे आणि दरवेळी नवीनच काहीतरी उत्तर मिळायचं. त्यातलं एकही खरं नव्हतं.

"हा बगळा," आत्या एकदा फ्रेमा पुसता पुसता म्हणाली, "डोळे दाखवायला येतो की डोळे बघायला येतो गं?"

"आत्या!"

"मी आपलं विचारलं. घराण्यातच आहे ते."

होडीतल्या त्या काकांनी तक्रार केली असावी. तळ्याच्या रखवालदाराने फर्मान काढलं, की सोबत होडी असल्याशिवाय एकट्याने लांब पोहायचं नाही. बगळा पडलेल्या तोंडाने दुकानात आला. मला वल्हवता येतं, मामाने शिकवलंय. मी म्हणाले, "मी येते."

"पहाटे?"

"मला बघायचंय, नंबर बरोबर लागलाय का."

किती खोटं बोलावं माणसाने!

मग आमच्या पहाटा सुरू झाल्या. पाण्यावर धुकं असायचं, वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज, आणि होडीशेजारी लयीत वर येणारा त्याचा हात. तो श्वासाला तोंड वर काढायचा तेवढ्यात मी प्रश्न टाकायचे, आणि उत्तर मला तुकड्यातुकड्याने मिळायचं.

"खाली काय दिसतं?"

"गवत..." डोकं पाण्यात. "...लांब, केसांसारखं..." पुन्हा पाण्यात. "...आणि एक..." आता माझा जीव टांगणीला. "...चहाची किटली!"

"तुम्ही मुद्दाम अर्धवट थांबता!"

"श्वास..." गुडुप. "...घ्यावा लागतो हो!"

एकदा मध्येच सर आली. पाऊस पाण्यावर तडतडायला लागला आणि मी ओढणी डोक्यावर घेऊन आक्रसून बसले. त्याने पोहणं थांबवलं, होडीची कड धरली आणि चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलं.

"परत जायचं?" मी विचारलं.

"नाही... बघत होतो. पहिल्यांदाच पाण्याबाहेरचं स्पष्ट दिसतंय."

"चष्मा तर वर आहे तुमचा."

"हो ना," तो म्हणाला. आणि पाण्यात शिरला. माझे कान तापले होते, एवढ्या पावसातही.

पण मी खरी हरले ती दुकानात. एका दुपारी तो काचांवरची वाफ दाखवत असताना त्याचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत एक आजी लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. तो लगेच निघाला, पण सायकलकडे जाता जाता फोनवर इतक्या शांतपणे बोलत होता, की मी दारात जाऊन ऐकत राहिले.

"आजी, खाली बसा बघू. पाय पसरून. मी येतोय, दार मीच उघडणार. तोवर सांगा, सुनेशी पटतं का?" मग बराच वेळ हूं, हूं. "मग आजी, तुम्ही घरापेक्षा लिफ्टमध्येच बऱ्या आहात!" पलीकडून आजींचं हसणं मला दारापर्यंत ऐकू आलं.

तो वळणावर दिसेनासा झाला, तरी मी दारातच उभी. आत्याने मागून माझ्या हातातलं भिंग काढून घेतलं. "पडेल," एवढंच म्हणाली.

आणि नेमकी त्याच आठवड्यात त्याची ताई आली. वाचायचा चष्मा करायला. मोकळ्या स्वभावाची, भडाभडा बोलणारी. मी कोण, हे तिला माहीत असावं.

"त्याच्या नादी लागून तुम्ही पहाटे उठता म्हणे? मला तुमची काळजी वाटते," ती म्हणाली. "वाईट नाहीये तो. पण एक गोष्ट शेवटाला नेईल तर शपथ. कॉलेज दोन वेळा सोडलं, गिटार सोडली, फ्रेंच सोडलं. लग्न ठरलं होतं, पत्रिका वाटून झाल्या... तेही मोडलं. त्यानेच."

मी तिला अक्षरं वाचायला लावली. दोनदा चुकीचं भिंग घातलं.

दुसऱ्या दिवशी होडीत मी एकही प्रश्न विचारला नाही. निम्मं तळं झाल्यावर तो थांबला.

"बरं नाही का?"

"तुमची ताई आली होती."

त्याने होडीची कड धरली. पाणी अगदी स्थिर होतं.

"पत्रिका वाटल्या होत्या, हे खरं," तो म्हणाला. "ती चांगली होती. मीच घाबरलो. वाटलं, सगळं सोडतो तसं हेही एक दिवस सोडलं तर? त्यापेक्षा आधीच... ते काही शहाणपण नव्हतं. तिला फार लागलं."

मी वल्ही आत घेतली.

"तुम्ही सारखं विचारता ना, का? लोकांना वाटतं, यात दमण्याची परीक्षा असते. दमायचं मला भय नाही, दमलं की झोप लागते. मी सोडतो ते कंटाळल्यावर. आणि यात तासन् तास कंटाळाच आहे. तोच रस्ता, तोच पाय. मला बघायचंय... कंटाळल्यावर मी काय करतो."

पहिल्यांदाच त्याने खरं उत्तर दिलं होतं. आणि मला ते मुळीच नको होतं! कारण माझा पुढचा प्रश्न असा होता, जो होडीत बसून विचारता येत नाही. माझा कंटाळा आला तर?

शर्यतीच्या दिवशी आत्याने दुकानाला सुट्टी दिली. पोहण्यात तो सुरेख होता. एकेक फुगा गाठत, रेघ मारल्यासारखा सरळ. पाण्याबाहेर येताना त्याने आम्हाला हातही केला. पण सायकलवर सारं बिनसलं. समोरून वारा सुटला, टायर फुटलं, दुसरं घातलं तर तेही फुटलं. पळायला सुरुवात केली तेव्हा त्याच्या मागे जेमतेम चार-पाच जण उरले होते.

आणि मग, रात्री बऱ्याच उशिरा, आयोजकांची गाडी हळूहळू आली आणि आमच्यापुढे थांबली. मागच्या सीटवर तो, खांद्यावर चादर.

"शर्यतीतून उतरवलं मला," तो म्हणाला. "पळण्याचा दोन तृतीयांश टप्पा झाला होता. ठरलेल्या वेळेत पुढच्या चौकीवर पोचलो नाही. नियम आहे."

त्याच्या पापण्यांवर मीठ वाळलं होतं. आत्याने त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. मला विचारायचं होतं, पाय दुखतायत का, वाईट वाटतंय का, आता काय... आणि मी नुसतीच त्याची चादर सारखी करत राहिले. मला त्याच्या उत्तराची भीती वाटत होती.

त्याने अर्धी बाटली संपवली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "उद्या दुकान किती वाजता उघडता?"

"का?"

"थोडं पळायचं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, जिथे त्याला गाडीत बसवलं होतं तिथूनच त्याने सुरुवात केली. मी आत्याची सायकल घेऊन शेजारी. ना बँड, ना टाळ्या. रस्ते झाडणारे रस्ते झाडत होते, पोरं शाळेला निघाली होती, दुकानांची शटरं वर जात होती. तो लंगडत पळायचा, चालायचा, पुन्हा पळायचा. इतका हळू, की मला सायकलचा तोल सांभाळताना नाकी नऊ आले. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत त्याच्या पुढे निघून गेले आणि वळून म्हणाले, "चालू द्या, चालू द्या!"

मी विचारत राहिले. कुठली लिफ्ट सगळ्यात जुनी, फ्रेंचमध्ये मांजराला काय म्हणतात, गिटारवर किती गाणी आली होती. तो धापा टाकत उत्तरं देत राहिला.

शेवटच्या रेषेपाशी पोचलो तेव्हा ती कमान उतरवली होती. दोन माणसं तिचे पाइप ट्रकमध्ये चढवत होती. रस्त्यावर फक्त खडूचा पुसट पट्टा उरला होता. तो त्यावरून गेला आणि पदपथाच्या कडेवर मटकन खाली बसला.

मी सायकल टेकवून शेजारी बसले. "कंटाळा आला?"

"भयंकर! वाटेतल्या त्या लांब भिंतीपाशी तर वाटलं, पुरे."

"मग?"

"मग तुम्ही मांजराचं विचारलंत. मला आठवेना. आठवेपर्यंत भिंत संपली." त्याने बूट काढला, अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. त्याच्याकडेच बघत तो म्हणाला, "तुम्ही शेजारी असलात की... पुढचा प्रश्न काय येईल, याचीच मला उत्सुकता असते. तिथे कंटाळा पोचतच नाही."

आता नाही विचारलं तर जन्मात विचारायची नाही मी.

"मग विचारू?"

"विचारा."

"माझ्याशी लग्न कराल?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला. हसता हसता पोटरीत गोळा आला, म्हणून कळवळला, आणि तसाच पुन्हा हसला. "हे मी विचारणार होतो! उठून, नीट उभा राहून. फक्त... उठता येईना."

"कारणं नकोत. उत्तर?"

"भीती वाटते," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "खूप वाटते. आणि हो. करीन."

"मलाही वाटते," मी म्हणाले.

"मग हात दे."

'दे' म्हणाला तो, 'द्या' नाही. मी दोन्ही हातांनी ओढलं, तो अर्धवट उठला, मी तोल गेल्यामुळे त्याच्यावरच आदळले, आणि आम्ही दोघं एकमेकांना धरून त्या कडेवर डुगडुगत उभे राहिलो.

"ओ ताई, दादा," पाइप चढवणारा माणूस ओरडला, "जरा बाजूला व्हा, गाडी मागे घ्यायचीय!"

आम्ही बाजूला झालो. हात मात्र कुणीच सोडला नाही.